संगणकातली खतावणी : वर्गणीची की घरची?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा चार दिवसांवर आली होती. कंपनी म्हटले म्हणून डोळ्यांपुढे काचेची इमारत आणू नका. जुन्या गोदामात एक टेबल, एक वजनकाटा आणि हिशेब लिहिणाऱ्या मुलीचा एक लॅपटॉप, एवढाच तिचा संसार. पण तीनशेच्या वर सभासदांचे भागभांडवल, कुणाचे किती सोयाबीन आले, ओलावा किती निघाला, कपात किती झाली, कुणाचे पैसे देणे राहिले, हे सगळे त्या लॅपटॉपात. सकाळी साडेसातला तिचा फोन आला. "साहेब, वही दिसतेय, पण आत काही लिहूच देईना!"

जाऊन पाहिले. लॅपटॉप घेताना त्याबरोबर पत्रे लिहिण्याच्या आणि हिशेबाचे तक्ते करण्याच्या सॉफ्टवेअरची एक वर्षाची वर्गणी भरलेली आली होती. वर्ष संपले. सूचना बरेच दिवस येत होत्या, पण त्या इंग्रजीत. 'जाहिरात असेल' म्हणून तिने त्या बंद केल्या. आता फाइल उघडत होती, छापताही येत होती, मात्र त्यातला एक आकडा बदलता येत नव्हता. तिला काय बोलणार? वर्गणी संपण्याची तारीख आमच्यापैकी कुणीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली नव्हती.

तिथेच तीन मते पडली. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "पैसे भरा आणि मोकळे व्हा." एक संचालक म्हणाले, "फुकटचे मिळते म्हणतात, ते टाका." आणि एकाचा भाचा खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "माझ्याकडे विकतचेच आहे, पाच मिनिटांत टाकतो. पैसे नकोत."

या भाच्याचे आधी सांगतो, कारण गावोगाव फसगत होते ती इथेच. कुलूप तोडून वाटलेले सॉफ्टवेअर म्हणजे 'मोफत' सॉफ्टवेअर नव्हे. तो चोरीचा माल आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली तो जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिवाय ज्याने कुलूप तोडले त्याने आत आणखी काय पेरून ठेवले, हे तुम्हाआम्हाला कळत नाही. ज्या लॅपटॉपवरून सभासदांच्या बँक खात्यांवर पैसे जातात, त्यात ते घालणे म्हणजे पोत्यात किडकी ज्वारी मिसळण्यापैकीच. पेन ड्राइव्ह परत त्याच्या खिशात गेला.

त्या दिवशी आम्ही लिब्रेऑफिस उतरवून घेतले. तीनशे-साडेतीनशे एमबीचा मामला. गोदामात रेंज नाही, म्हणून शाळेच्या कट्ट्यावर बसून मोबाइलच्या इंटरनेटवर. अण्णांना शंका, "फुकट कोण देतो हो? कुठेतरी मेख असणार." शंका रास्त होती. त्यांना सांगितले ते असे: जर्मनीतल्या एका कंपनीचे हे मूळ सॉफ्टवेअर १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० साली त्याची आतली रचना सर्वांसाठी खुली केली. पुढे २०१० साली त्यावर काम करणारी मंडळी वेगळी झाली, त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था काढली आणि तेव्हापासून लिब्रेऑफिस या नावाने ते चालू आहे. संस्था देणग्यांवर चालते, आणि त्यावर आधारित सेवा विकून पोट भरणाऱ्या कंपन्याही कामाला हात लावतात. उतरवून घ्यायचे ते मात्र त्यांच्या स्वतःच्या लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या ठिकाणाहूनच. मिळत्याजुळत्या नावाच्या भलत्या ठिकाणी जाऊ नये.

फाइल उघडली. बेरजा जुळल्या. मुलीचा जीव भांड्यात पडला. पण सगळे सुरळीत झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. वजनाची पावती काढायला कुणीतरी तक्त्यात एक बटण करून दिले होते. ते बटण दाबले की काही होईना. अशा बटणामागे मॅक्रो नावाची छोटी आज्ञावली असते, आणि एक्सेलसाठी लिहिलेल्या सगळ्याच आज्ञावल्या इथे चालत नाहीत. दुसरे, मराठी शब्दांसाठी वेगळा फॉन्ट नेमावा लागतो. पर्यायांमध्ये जाऊन भाषेच्या भागात देवनागरीसाठीची सोय सुरू केली की ते जमते, पण हे सांगायला कुणी भेटत नाही.

सभासदांची जुनी यादी उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. याचा दोष मात्र फुकटच्या सॉफ्टवेअरला देऊ नका. ती यादी युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. तो फॉन्ट संगणकात नसला तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हेच होते. ग्रामपंचायती आणि सोसायट्यांची अशी कितीतरी दफ्तरे पडून आहेत. मराठी युनिकोडमध्येच लिहावे, म्हणजे संगणक बदलला तरी अक्षर बदलत नाही.

आता खरा प्रश्न. वर्गणी भरावी की नाही?

मी शेतीखात्याचा माणूस, मला बियाण्यावरूनच सुचते. संकरित मका घेतला तर बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, घरचे ठेवून चालत नाही. तरी शेतकरी घेतो, कारण वाढीव उतारा त्याचा खर्च भरून काढतो. सोयाबीन सरळ वाणाचे. प्रमाणित बी एकदा आणले की पुढची दोन-तीन वर्षे घरचे चालते, मात्र पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासण्याची मेहनत आपली. दोन्हींत चूक काही नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा घरचे बी चालत असताना दुकानदार सांगतो म्हणून दरसाल पिशवी आणली जाते.

तसेच हे आहे. ज्याला पत्र, ठराव, सभेची सूचना, दुधाचा आणि मजुरीचा तक्ता एवढेच करायचे, त्याला लिब्रेऑफिस पुरून उरते. इंटरनेट लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, आणि ते कधी मुदत संपली म्हणून थांबत नाही. बचत गटांना तर मी हेच सांगतो. चार जणींनी आपापल्या मोबाइलवर एकच तक्ता पाहायचा असेल तर गूगल शीट्स सोयीचे. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंसकट, आणि रेंज गेली की कामाची पंचाईत. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिक्षण चालू आहे, तेव्हा 'फुकटचे ते कच्चे' हा समज काढून टाकावा.

वर्गणी कधी भरावी? सनदी लेखापाल किंवा खरेदीदार कंपनी मॅक्रो असलेले तक्ते पाठवते आणि ते भरून तसेच परत मागते, तेव्हा. तिथे फुकटचे घेऊन दर महिन्याला दोन दिवस घालवणे परवडत नाही. मात्र घरगुती वापराची स्वस्त वर्गणी घेऊन कंपनीचे काम करू नये. मायक्रोसॉफ्टच्या अटींत ते बसत नाही, व्यवसायाची वर्गणी निराळी असते. आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. कंपनी कायद्याप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदलले याची नोंद आपोआप राहावी लागते. ती साध्या तक्त्यात राहत नाही. त्याचे काय करायचे ते लेखापालालाच विचारावे.

कुठलेही निवडण्याआधी तुमची सर्वांत किचकट फाइल घ्या, तिची एक प्रत काढा आणि ती प्रत दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक महिना दोन्हीकडे हिशेब लिहून पाहा. पूर्ण रान पेरण्याआधी एक गुंठा पेरतो तसे.

आमच्या त्या कंपनीची सभा ठरल्या दिवशीच झाली. नंतर संचालकांनी लेखापालाशी पत्रव्यवहार होतो त्या एका संगणकापुरती व्यवसायाची वर्गणी भरली आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. मुलीचा लॅपटॉप लिब्रेऑफिसवरच आहे. दर महिनाअखेर ती सगळ्या फाइलींची प्रत दोन पेन ड्राइव्हवर घेते. एक तिच्याकडे आणि एक अण्णांच्या घरी, तिजोरीत. वजनाच्या पावतीचे बटण अजून चालत नाही. ती पावती हातानेच भरते, माणशी दोन मिनिटे जास्त जातात. पुढच्या हंगामाआधी तोही तक्ता नव्याने करायचा आहे.