नाकाला न कळणारं उजेडाला कळतं

पनवेलमधल्या कुठल्याही पी.यू.सी. केंद्रावर पेट्रोलची गाडी उभी केली, की सायलेन्सरमध्ये एक नळी खुपसतात आणि थोड्या वेळात कागद हाती देतात. त्यावर सी.ओ.चा आकडा असतो. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. पण रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. नाकाला न कळणारा हा वायू यंत्राला कसा कळतो?

उजेडाने, पण न दिसणाऱ्या. १८०० साली विल्यम हर्शेलने (हा मूळचा वादक बरं का!) लोलकाच्या रंगपट्टीत तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तिथेही उष्णता सापडली. हे अवरक्त किरण. पुढे १८५९ मध्ये जॉन टिंडलने मोजून पाहिलं, तेव्हा प्राणवायू आणि नत्रवायूतून ते जवळजवळ तसेच निघून गेले. काही वायूंनी मात्र ते गिळले.

सी.ओ.चा रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेले दोन मणी. त्यांच्या थरथरण्याला ठरावीक लय असते. सुमारे ४.७ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण त्या लयीत बसतो, म्हणून तो शोषला जातो. वृत्तात न बसणारा शब्द बाहेर राहतो, तसे बाकीचे किरण पुढे जातात. पलीकडे किरण जितका कमी पोचेल, तितका वायू जास्त.

रस्त्यावरच्या हवेत हा वायू फार विरळ, म्हणून यंत्रात किरण आरशांवरून पुन्हा पुन्हा परतवतात. त्यात आपली कोकणची दमट हवा. बाष्पही अवरक्त गिळतं. त्यावर एक नामी युक्ती आहे. किरणाच्या वाटेत चकती फिरते. तिच्या एका कुपीत सी.ओ., दुसरीत नत्रवायू. पहिल्या कुपीतून आलेल्या किरणातला सी.ओ.चा वाटा आधीच गिळलेला असतो, हवेतला सी.ओ. त्यातून आणखी काही घेऊ शकत नाही. दुसऱ्यातून घेतो. बाष्प दोन्हींतून सारखंच घेतं. वजाबाकीत बाष्प गळतं, सी.ओ. उरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या मानकांनी सी.ओ.साठी अवरक्ताचीच पद्धत सांगितली. आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम.

आता तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या वासाचं. सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर संशय हायड्रोजन सल्फाइडवर. नाकाला तो चिमूटभरही पुरतो. अवरक्त किरणाला मात्र तो फारसा अडवत नाही. शिवाय त्या मानकांतल्या बारा प्रदूषकांत त्याचं नाव नाही. म्हणून हवेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ असतानाही लोकांना खिडक्या लावून घ्याव्या लागू शकतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. हा वायू मोजायची यंत्रं वेगळी असतात. तक्रार करताना नुसता ‘घाण वास’ न लिहिता तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहावी आणि ते यंत्र वायूचं नाव घेऊन मागावं.