लाकडाचा मासा



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे गृहीत धरूनच श्रोते येतात. आज मी त्यांची निराशा करणार आहे. मला बोलावयाचे आहे ते चार बोटे लांबीच्या एका लाकडी तुकड्याविषयी. मासे धरण्यासाठी हाताने केलेले बनावट आमिष हा माझा विषय आहे. आमची तरुण मुले त्याला ‘लूर’ म्हणतात. विषय काहींना पोरकट वाटेल. परंतु १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. त्या मिळवलेल्या मोकळ्या वेळात माणूस आपल्या हातांनी आणि आपल्या बुद्धीने काय करतो, हाही माझ्या मते चळवळीचाच प्रश्न आहे.

बेलपाडा हे आमचे गाव आज खारघरच्या इमारतींत वेढले गेले आहे. १९७० साली सिडको आली, पुढे गाव आणि खाडी यांच्या मध्ये महामार्ग रुंदावला, लोहमार्ग आला, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून गावाच्या नावाचे मेट्रो स्थानकही आहे. तरी रविवारी पहाटे काठ्या घेतलेली मुले खाडीकडे जाताना दिसतातच. पूर्वी पाग, आसू आणि गळाला लावलेली जिवंत कोळंबी हीच आम्हांला ठाऊक. आता दुकानातून आणलेली परदेशी लूर आली. एकदा एका कंत्राटी कामगार मुलाने दोन दिवसांच्या रोजाइतके पैसे मोजून अशी एक लूर आणली आणि तिसऱ्याच फेकीला ती तिवरांत अडकून तुटली. तो पोरगा किती तरी वेळ त्या झाडाकडे पाहत उभा होता. त्या दिवशी मी त्याला म्हणालो, “बाळ, ही वस्तू विकत घ्यायची नसते. ये घरी, आपण करू.”

करता येते, कारण तिचे रहस्य रंगात किंवा किंमतीत नाही. ते तिच्या चालीत आहे. मोठा मासा शंभर बोयांच्या थव्यातून एकच बोय उचलतो. कोणती? जी लंगडते ती. धडधाकट शिकारीमागे धावण्यात शक्ती जास्त खर्च होते, आणि निसर्गात कोणालाच ते परवडत नाही. म्हणून आमिष हुबेहूब माशासारखे दिसण्यापेक्षा आजारी माशासारखे चालणे महत्त्वाचे.

हे ज्याने जगाला दाखवले तो मोठा शास्त्रज्ञ नव्हता. फिनलंडमधला लाउरी रापाला हा लाकूडतोडीची आणि मोलमजुरीची कामे करणारा गरीब माणूस. सरोवरावर मासे धरता धरता त्याने हीच गोष्ट पाहिली आणि १९३६ साली बुचाचा तुकडा चांभाराच्या सुरीने कोरून लंगडत पोहणारा मासा केला. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली. रोगण घ्यायला पैसा नव्हता, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. आज त्याच्या नावाची आमिषे जगभर विकली जातात. माझा मुद्दा एवढाच, की दुकानातल्या काचेत ठेवलेल्या त्या महाग वस्तूचा आजा टाकाऊ मालातून जन्मला होता.

आता कृती सांगतो. लाकूड हलके हवे. पांगारा किंवा सावर उत्तम. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याचीच करीत, कारण ते लाकूड सुरीला विरोध करीत नाही. चार बोटे लांब, अंगठ्याएवढा जाड तुकडा दोन्ही टोकांना निमुळता करावा. पोटाखालून उभी चीर पाडून तीत तोंडापासून शेपटीपर्यंत गंज न धरणारी एकच अखंड तार बसवावी. तोंडाशी तिचा फासा दोरीसाठी, पोटाशी आणि शेपटीशी गळांसाठी. तार अखंड असली म्हणजे माशाच्या झटक्याने लाकूड चिरले तरी मासा हातचा जात नाही. पोटात, मध्याच्या किंचित पुढे, वजन बसवावे. वजन खाली असले म्हणजे मासा पाण्यात उलटा होत नाही. मग चीर बुजवून, रंग देऊन रोगणाचे दोन हात द्यावेत. लाकूड पाणी प्याले की फुगते आणि चाल बिघडते.

खरी किमया आहे ती तोंडाखालच्या पट्टीत. तिला मी ‘जीभ’ म्हणतो. पत्र्याची किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, अंगठ्याच्या नखाएवढी. दोरी ओढली की पाणी या जिभेवर आपटते आणि आमिषाचे तोंड खाली दबते. पाणी जिभेच्या दोन्ही कडांवरून निसटताना भोवरे होतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. प्रत्येक भोवरा अंगाला आपल्या बाजूस ओढतो, आणि तो लाकडी मासा डुलू लागतो. जीभ अंगाच्या रेषेत पुढे काढली तर आमिष खोल बुडी मारते. उभी लावली तर वरच्या वर राहून जोराने डुलते. तिवरांच्या मुळांवरून चालवायचे असेल तर उभी जीभ, पुलाच्या खांबाशी खोल पाण्यात चालवायचे असेल तर पुढे झुकलेली.

पहिल्या खेपेस कोणाचेही आमिष सरळ चालत नाही. तळ्याच्या शांत पाण्यात ते ओढून पाहावे. तुमच्याकडे येताना ते तुमच्या डाव्या हाताला पळत असेल तर तोंडाशी असलेला तारेचा फासा पकडीने केसभर तुमच्या उजवीकडे वाकवावा. उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. एका वेळी केसभरच, आणि दर वेळी पुन्हा ओढून पाहावे. यंत्र दुरुस्त करणारा जुना फिटर हेच करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, म्हणजे दोष कोठे होता ते कळते.

आमच्या खाडीला आणखी एक अडचण आहे. पाणी गढूळ. जेथे हातभर दिसत नाही तेथे चकचकीत रंगाचा उपयोग काय? पण माशाला डोळ्यांखेरीज आणखी एक इंद्रिय असते. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ गेलेली असते. जिताड्याच्या अंगावर ती स्पष्ट दिसते. तिच्यातल्या बारीक छिद्रांवाटे पाण्याची हालचाल त्याला जाणवते. आवाजही पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून मी लाकडी माशाच्या पोटात पोकळी ठेवून सायकलच्या बेअरिंगचे दोन-तीन छर्रे सोडतो. ते खुळखुळतात. गढूळ पाण्यासाठी याहून स्वस्त सुधारणा मला ठाऊक नाही.

लाकूड कोरण्याचा कंटाळा असेल त्याने चमचा घ्यावा. अमेरिकेत व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूल याच्या हातून होडीत जेवताना चमचा पाण्यात पडला आणि माशाने तो गिळला, अशी कथा सांगतात. कथा असो वा नसो, त्याने १८५२ साली आमिषाचे पेटंट घेतले ही गोष्ट खरी. चमच्याची दांडी कापून टाकावी, वाटीच्या दोन्ही टोकांना भोके पाडून कड्या घालाव्यात, एकीत गळ, दुसरीत भोवरकडी. म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. खोलगट बाजू पाणी धरते आणि चमचा गिरक्या खातो. जुन्या हवाई चपलेच्या रबराचे तर पाण्यावर चुबुक चुबुक वाजणारे आमिष दहा मिनिटांत होते. त्याचे तोंड तेवढे खोलगट कापावे.

तिसरा प्रकार जिग. गळाच्या मानेवर वजनाचे डोके आणि मागे पिसांचा किंवा बकरीच्या केसांचा झुबका. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे उत्तम. ती दोऱ्याने घट्ट आवळून वर चिकटद्रव्याचा थेंब द्यावा. गळाची मान काटकोनात वाकलेली असली की टोक वर राहते आणि तळाच्या कचऱ्यात कमी अडकते. जिग तळाला जाऊ द्यावी, काठीने वीतभर उचलावी आणि पुन्हा पडू द्यावी. कोळंबी अशीच उडी मारते आणि मग खाली येते. मासा बहुधा ती पडत असतानाच घेतो. म्हणून पडतानाही दोरी ढिली सोडू नये.

येथे मला थोडे कठोर बोलावे लागणार आहे. जिगचे डोके बहुतेक लोक शिशाचे ओततात. शिसे जड, दहा ग्रॅम शिसे एक घनसेंटिमीटरसुद्धा होत नाही. ते ३२७ अंशांना वितळते, म्हणजे घरच्या स्टोव्हवरही. मुले आईच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यात ते वितळवतात. बंधुभगिनींनो, जेथे शिसे हाताळले जाते अशा कारखान्यांतील कामगार मी पाहिले आहेत. पोटात कळा येतात, हात लुळे पडतात, आणि कपड्यांवरची धूळ घरी गेली म्हणजे लेकरांच्या बुद्धीवर घाला पडतो. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. याच कारणाने २००० साली आपल्या देशातले शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. इंग्लंडात हंस मरू लागले म्हणून १९८७ साली गळाला लावायच्या लहान शिशांवर बंदी आली. कारखान्यात मालकाकडे ज्यासाठी भांडायचे तेच विष रविवारी आपल्या हाताने घरात आणायचे, याला काय म्हणावे?

माझीही चूक सांगतो. पहिल्यांदा प्लास्टरच्या साच्यात शिसे ओतले तेव्हा साचा पुरता वाळलेला नव्हता. आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ झाली आणि उकळते शिसे उडून माझ्या हातावर आले. डाग अजून आहे. तेव्हापासून मी शिसे सोडले. लोखंडी किंवा पितळी नट गळाच्या मानेवर ओवून चिकटवावा. डोके थोडे मोठे होते, परंतु आपल्या खाडीच्या खोलीला ते पुरते.

आमिष झाले; आता ते टाकायचे केव्हा? आमच्या वडीलमाणसांचा हिशेब सोपा होता. तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. खाडीत आत थोडा उशीर धरावा. ओहोटी लागली की खारभूमीच्या उघाडीतून पाणी बाहेर येते आणि त्याबरोबर बोय व कोळंबी. जिताडा उघाडीच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून, आडोशाला उभा असतो. तो पाठलाग फारसा करीत नाही. एकदम जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. म्हणून आमिष प्रवाहाबरोबर त्याच्या तोंडासमोरून लंगडत गेले पाहिजे.

या जिताड्याची एक नवलाची गोष्ट शेवटी सांगतो. तो बहुधा नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या अजस्र माशाबरोबर आपण छायाचित्र काढून घेतो ती बहुधा अंड्यांनी भरणारी माय असते. यासाठी मी माझ्या आमिषांवर दोन सुधारणा केल्या. तीन काट्यांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावला, आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि सोडायचा असेल तर त्याचा जबडा फाटत नाही. दोन-अडीच किलोचा घरी न्यावा, खुशाल खावा. मोठी माय पाण्यात परत जाऊ द्यावी.

तो मुलगा आता स्वतः आमिषे करतो. त्याच्या पहिल्या चार माशांपैकी तीन उलटे पोहले. चौथा डुलत डुलत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पगारवाढीच्या करारानंतरही क्वचित पाहिले आहे. हल्ली तो मला खाडीच्या बातम्या आणून देतो. अमुक उघाडीशी पाण्याला वास येतो, अमुक ठिकाणी बोय दिसेनाशी झाली. विकतचे आमिष फेकत होता तेव्हा त्याला फक्त मासा हवा होता. आमिष करू लागल्यावर त्याला पाणी पाहावे लागले. आणि पाणी पाहणारी माणसे आमच्या खाडीला आज फार हवी आहेत.