नाचविली जाणारी काठी

नृत्य आणि दृश्यकला यांची भर चौकात सांगड घालावी, असा विचार आज जगभर चालू आहे. युनेस्कोने २०१० साली मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलेल्या स्पेनच्या फ्लामेंकोचे काही नर्तकही रंगमंच सोडून मोकळ्या जागेत उतरले आहेत. पण हा संयोग साधतो कशाने?

आम्ही म्हणतो, उत्तर महाडच्या छबिन्यात पाहावे. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या वीरेश्वराच्या या उत्सवात आसपासच्या ग्रामदेवता येतात. विन्हेऱ्याची झोलाई त्यांपैकीच एक. सोबत उंच सासणकाठ्या असतात. रंगीत वस्त्रांनी सजविलेला बांबू भिंतीला टेकवून ठेवला, तर ती केवळ शोभेची वस्तू. खालूबाजा घुमू लागला आणि गड्याने काठी पेलून पाऊल टाकले, की तिचा तोल हाच त्याचा ताल होतो. गर्दी मागे सरते. रस्त्याची रंगभूमी होते.

तेव्हा नृत्याशेजारी शिल्प मांडणे म्हणजे संयोग नव्हे. एकाने दुसऱ्याचा भार उचलला पाहिजे. महाड-पोलादपूरची कितीतरी तरुण मंडळी पोटासाठी मुंबईस असतात. ते खांदे सणाला गावी परतले नाहीत, तर काठी उरेल. कला उरणार नाही.