सिलिकॉनच्या साच्यात सिलिकॉन भरू नका

आजचा भाग जरा चिकट आहे. (ज्यांनी रेकॉर्डिंग ऐकलंय त्यांना मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या असतील, त्या लिहिताना गाळल्यात. बाकी बोललो जवळपास तसंच.)

विषय असा: खिडकीच्या फटी बुजवायचं जे पांढरं मलम नळीत मिळतं, त्यापासून वाकणारी नक्षीदार लेस बनवायची. इंग्रजी व्हिडिओंत त्याला कॉक म्हणतात. आपल्याकडे सीलंट.

मला याची गरज पडली ताईच्या लग्नात. आमच्या सिल्लोडकडे रुखवत अजून हौसेनं मांडतात, आणि आईला कलश, नारळ, आरशाची गोल चौकट, सगळ्याला एकाच नक्षीची किनार हवी होती. बाजारातली कापडी लेस गोलावर चुण्या पाडते. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी वाकवली की मोडते. म्हणून हा उद्योग. शेजारच्या काकू घरी केकच्या ऑर्डरी घेतात, त्यांचा लेसचा सिलिकॉनचा साचा मागून आणला. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन म्हटलं, "खिडकीला लावतात ते द्या." त्यांनी दिलं. साच्यात भरलं आणि झोपलो.

सकाळी साचा आणि लेस एकजीव. नखानं, सुरीनं, कशानंच निघेना. काकूंचा साचा गेला.

झालं काय होतं? ॲल्युमिनियमच्या खिडकीला लावतात ते सिलिकॉन सीलंट. आता सिलिकॉनला बहुतेक काही चिकटत नाही, म्हणून तर त्याचे साचे करतात. अपवाद एकच, ओलं सिलिकॉन. दोघांची जात एक, त्यामुळे ताजं सिलिकॉन घट्ट होताना जुन्याला धरूनच घट्ट होतं. दुकानदाराची चूक नाही, मी मागितलं तेच त्यांनी दिलं. मागायचं होतं ॲक्रिलिक सीलंट, ज्याच्या नळीवर 'वॉटर बेस्ड' किंवा 'पेंटेबल' लिहिलेलं असतं. नुसतं 'क्रॅक फिलर' म्हणालात तर वाळल्यावर कडक होणारी पेस्टही हातात पडू शकते, तिची लेस वाकत नाही.

नळी आधीच घरात असेल आणि लेबल पुसलं असेल, तर थेंबभर बोटावर घ्या आणि पाण्यानं धुवा. धुतलं गेलं तर ॲक्रिलिक. नुसतंच फासत, चिकटत राहिलं तर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास आला तरी सिलिकॉनच, पण वास नाही म्हणून ॲक्रिलिक असं धरू नका, बिनवासाचंही सिलिकॉन मिळतं.

इथे मला खरी गंमत वाटली ती घट्ट होण्याच्या पद्धतीची. संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघा. खालचा थोडा भाग आणि घुमट संगमरवरी, मधलं बरंचसं काम काळ्या दगडाचं आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यातच नक्षी. तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी घेऊन घट्ट होतं. सिलिकॉन हवेतली ओल घेतं. आणि आपलं ॲक्रिलिक? ते काहीच घेत नाही, फक्त आतलं पाणी सोडतं आणि रबरासारखं उरतं. पुढच्या सगळ्या अडचणी यातूनच येतात.

पाणी जायला वाट एकच, वरची उघडी बाजू. साच्याच्या तळाकडून काही जात नाही. तासाभरात वर साय धरते आणि आपल्याला वाटतं झालं. काढायला गेलं की लेस ताणली जाऊन फाटते. दोन-तीन मिलिमीटर जाडीला मी पूर्ण दिवस देतो, पावसाळी हवेत दोन. लग्न मे महिन्यात होतं, त्या उन्हाळ्यात पंख्याखाली काम भराभर झालं. पाणी गेलं की माल आटतो, मधे खळगा पडतो. म्हणून पहिला थर जुन्या एटीएम कार्डानं दाबून नक्षीत बसवायचा, काठ निपटून घ्यायचे, वाळला की दुसरा पातळ थर. दाबणं महत्त्वाचं, नाहीतर बारीक पाकळ्यांत हवेचे बुडबुडे राहतात.

किती लागेल? २ सेंमी रुंद, २ मिमी जाड पट्टी, त्यात निम्मी भोकं धरली तर एका मीटरला २० मिली. म्हणजे ३०० मिलीच्या नळीत कागदावर १५ मीटर. वाया जाणारं धरून मी १० मीटरच धरतो.

रंग ॲक्रिलिकच लावा, तो लेसेबरोबर वाकतो. ऑइलपेंट वाळून कडक झाला की वाकवताना तडे जातात. लाकूड, पुठ्ठ्याला फेव्हिकॉल पुरतो, पितळी कलशावर त्याच सीलंटचे ठिपके देऊन चिकटवली. ठेवताना दोन लेसेंमध्ये बटर पेपर आणि थोडी टाल्कम पावडर, नाहीतर एकमेकींना चिकटतात.

उरलेल्या सिलिकॉनच्या नळीचं काय केलं? साचा! व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन आणि कॉर्नफ्लोअर हातमोजे घालून मळायचं, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास डोळ्यांत जातो. कॉर्नफ्लोअरमधली ओल आतपर्यंत पोचते आणि गोळा लवकर घट्ट होतो. आजीच्या पितळी डब्याच्या झाकणावर वेल आहे, तिला व्हॅसलीनचा हलका हात देऊन हा गोळा दाबला. निघाला तो घरच्या वेलीचा साचा, आणि रुखवतावर शेवटी तीच वेल गेली.

दोन गोष्टी मात्र ठासून सांगतो. एकदा सीलंट भरलेला साचा पुन्हा खाण्याच्या कामाला वापरायचा नाही, कितीही घासला तरी. लेसही केकवर किंवा प्रसादाच्या ताटात नको. आणि निरांजनापासून लांब ठेवा, ही जळते.

गणपतीच्या मखराला चालेल का, असं दोघांनी विचारलंय. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण ॲक्रिलिक हेही प्लास्टिकच, फक्त टिकाऊ. दरवर्षी तेच मखर काढून लावणार असाल तर जरूर करा. विसर्जनाबरोबर पाण्यात जाणार असेल तर कागद आणि कापड बरं.

काकूंना नवा साचा आणून दिला. आमच्या घरच्या साच्यावर आईनं मार्करनं 'खायचा नाही' असं लिहून ठेवलंय.