फरशीखालचा मे फ्लॉवर

यंदा फाल्गुनात आमच्या इमारतीच्या कुंपणालगतचा मातीचा पट्टा फरसबंद झाला. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, पेव्हर ब्लॉकचा ट्रक आला, काम उरकलं. दोन गाड्या जास्त उभ्या राहतील, हे कारण. त्या वेळी मातीवर काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे काही गेलं असं कुणाला वाटलंही नाही. मे फ्लॉवरचे कंद हिवाळ्यात पानं टाकून जमिनीत निजलेले असतात. वळवाच्या सुमारास आधी फुलाचा दांडा वर येतो, पानं मागून. दोन महिने थांबले असते तर सगळ्यांनीच तिथे लाल गोंडे पाहिले असते. सभेत मी हे सांगितलं. उत्तर मिळालं, “मातीनं डास होतात.” डास साचलेल्या पाण्यात होतात, मातीत नव्हे. बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बशांत होतात. सभेच्या इतिवृत्तात हे आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

ही जागा एरंडवण्यातली. इमारतीच्या आधी इथे आमचा बैठा बंगला होता. साठच्या दशकातल्या बागेबद्दल सांगण्यासारखं फार नाही: कुंपणाला मेंदी, दारात तुळस, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी. १९७२च्या दुष्काळात फुलझाडांना पाणी घालणं घरोघरी थांबलं, आणि ते योग्यच होतं. माझ्या मनातली बाग त्यानंतरची, साधारण १९७५ ते ८५ची.

त्या दहा वर्षांत आमच्या गल्लीत उन्हाळा म्हणजे मोगरा, आणि त्याची तयारी संक्रांतीच्या आसपास सुरू व्हायची. आई मोगऱ्याचं पाणी तोडायची. झाड ताणावर आलं की छाटणी, उरलेली पानं ओरबाडून काढणं, आळं खणून मुळांना ऊन दाखवणं, मग शेणखत आणि मग पाणी. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुनी फांदी राखून ठेवली की झाड नुसतं पसरतं. ही कामं कुणी पुस्तकात वाचून करत नव्हतं. समोरच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “ताण दिलात का हो?”, आणि त्यावरून इकडे आठवण व्हायची.

जातीही घरागणिक वेगळ्या. आमच्याकडे बटमोगरा, घट्ट गोल कळीचा, पाकळ्यांनी ठासून भरलेला. शेजारी मदनबाण, लांब टोकदार कळीचा. कोपऱ्यावरच्या घरी हजारी, झुबक्यांनी येणारा. भरगच्च मोगऱ्याला बी धरत नाही, त्यामुळे झाड हवं तर कुणाच्या तरी दारी जावंच लागे. पावसाळ्यात जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा, मुळं धरली की तोडून द्यायची. गल्लीतला प्रत्येक मोगरा असा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातून आलेला होता, आणि कुठला कुणाकडून आला हे बायकांना तोंडपाठ होतं.

चैत्रगौर बसली की या सगळ्याचा हिशेब लागायचा. महिनाभर कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि प्रत्येकीला गजरा. एका घरच्या झाडावर एवढ्या कळ्या कुठून निघणार? म्हणून ज्यांच्याकडे हळदीकुंकू त्यांच्याकडे चार घरच्या कळ्या जात. कळ्या उमलायच्या आत, ऊन कलल्यावर खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. हे काम आम्हा मुलींचं. कळी दाबून पाहायची नाही, ती डागळते, हे मी तेव्हाच शिकले. रात्री माठात वाळ्याच्या जुडीबरोबर दोन फुलं पडायची.

इतरही पुष्कळ होतं. सकाळी ऊन चढलं की उघडणारी चिनी गुलाबाची फुलं, त्यांना सगळे ‘ऑफिस टाइम’ म्हणत. कितीही तापलं तरी न दमणारा गॅलार्डिया. फाटकापाशी बियांवरून वाढवलेला सोनचाफा, ज्याच्या पहिल्या फुलाची वाट माणसं वर्षानुवर्षं पाहायची. आणि मे संपता संपता अनंत. आज पांढरं उमललेलं अनंताचं फूल उद्या पिवळट होतं. पुण्याच्या चुनखडीच्या जमिनीत त्याची पानंही पिवळी पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. त्यावर बुंध्याशी गंजके खिळे पुरायचे हा सार्वत्रिक उपाय. गुण फारसा येत नसे, कारण अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. ताक मात्र आई अधूनमधून ओतायची आणि त्याच्यावर तिचा विश्वास होता.

एक जुना राग इथे काढते. या बागांना कुणी बाग मानलंच नाही. पुष्पप्रदर्शनं भरायची ती थंडीत, बक्षिसं गुलाबाला आणि शेवंतीला. वैशाखात मोगरा राखणाऱ्या बाईचं कौशल्य कुणी मोजलं नाही. घरातले पुरुष त्याला ‘हिचा विरंगुळा’ म्हणत. चाळीस अंशांच्या जवळ गेलेल्या दुपारनंतर झाड तरारून ठेवायला किती पाणी, कधी, कुठे घालायचं हे ज्ञान विरंगुळ्यातून येत नाही. आईनं ते कधी मोठ्यानं म्हटलं नाही. मी म्हणते.

नव्वदच्या दशकात बंगले पाडून इमारती आल्या, आमचाही गेला. सोबत लँडस्केपवाले आले: बॉटल पाम, फायकस, पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण, मधे हिरवळीचा तुकडा. त्या हिरवळीनं रोज जेवढं पाणी प्यायलं तेवढ्यात चार घरांचा मोगरा जगला असता. वास कशालाच नव्हता. पुढच्या वर्षांबद्दल लिहावंसंही वाटत नाही. गाड्या वाढत गेल्या आणि माती आखडत गेली, एवढंच.

आता लोक म्हणतात, कुंडीत लावा. लावला आहे. गच्चीवर अर्ध्या पिंपात आमचा बटमोगरा आहे आणि फुलतोही. पण सिमेंटच्या गच्चीवर कुंडी दुपारी मुळांपर्यंत तापते, एक दिवस गावाला गेलं की झाड मान टाकतं, आणि दाबून घ्यायला फांदीखाली जमीन नसते. कोकणातली सोनचाफ्याची कलमं कुंडीत लवकर फुलतात, हे खरं आणि आनंदाचं आहे. तरीही गल्लीत संध्याकाळी चालताना कुणाकडे काय उमललं हे वासावरून कळायचं, ते सहाव्या मजल्यावरच्या कुंडीनं होत नाही. आणि शेजारणीला द्यायला काही उरत नाही. मला सगळ्यांत जास्त तेच लागतं.

पिंपातल्या मोगऱ्याच्या तीन फांद्या येत्या आषाढात शेजारच्या कुंड्यांत दाबणार आहे. मुळं धरायला दिवाळी उजाडेल. ज्यांच्या दाराशी अजून हातभर माती आहे त्यांनी आत्ताच सांगून ठेवावं. पैसे नकोत, आमच्या गल्लीत कलमाचे पैसे कधी कुणी घेतले नाहीत. फक्त संक्रांतीला पाणी तोडायचं, हे विसरायचं नाही.