सदतीस छेद शंभर

संगमनेरला रेल्वे नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचं आमचं गाव एसटीच्या भरवशावर वाढलं. तरी आमच्या बैठकीच्या खोलीत गेली पस्तीसहून अधिक वर्षं एक रेल्वे स्टेशन टांगलेलं आहे : मुंबईचं व्ही. टी.

अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. रोज व्ही. टी.ला उतरायचं, तिथूनच परतायचं. ही इमारत पूर्ण झाली 1888 साली, स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार. तिची शंभरी झाली त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले आणि गावी येताना हे चित्र घेऊन आले. ‘एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं,’ असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणत असे. चित्राखाली पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहिल्या आहेत : डावीकडे 37/100, मधे ‘व्ही. टी.’ आणि उजवीकडे चित्रकाराची सही. स्टेशनचं नाव 1996 मध्ये बदललं, 2004 मध्ये ते जागतिक वारसा झालं, 2017 मध्ये नावात ‘महाराज’ जोडलं गेलं. पेन्सिल मात्र होती तशीच आहे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आम्ही तीन भावंडं, चित्र एक. धाकटा भाऊ म्हणाला, ‘ताई, स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडे स्कॅन करू. तीन काढू. कुणाला कळणार आहे?’

प्रश्न अगदीच गैर नव्हता. हेही छापलेलंच चित्र! पण कसं छापलेलं, ते पाहा. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं त्यावर रेघा ओढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. रेघांपुरतं तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. प्रत्येक प्रतीला शाई नव्यानं, हातानं. कागदावर पत्र्याच्या कडेचा ठसा उमटतो; आमच्या चित्रात तो बोटाला लागतो. शिवाय पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागतं. व्ही. टी.च्या घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्याच्या उजव्या हातात मशाल आहे, डाव्या हातात चाक. चित्रकार विसरला तर छापताना मशाल डाव्या हातात जाते आणि घड्याळही उलटं होतं. आमच्याकडे मशाल उजवीकडेच आहे. लहानपणी अण्णांनी ती आम्हाला कितीदा दाखवली असेल!

आता तो आकडा. सदतीस म्हणजे शंभरातली सदतिसावी प्रत, आणि शंभर म्हणजे चित्रकाराचा शब्द. तेवढ्या प्रती निघाल्या की पत्र्यावर रेघ मारून तो बाद करायचा, ही रीत. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला तो नेमका उलट्या हेतूनं : चित्रं जितकी निघतील तितकी निघावीत, घरोघरी लक्ष्मी-सरस्वती जाव्यात. तेही मोठंच काम. पण तिथे कुणी मोजणीचा शब्द दिला नव्हता. शब्द देऊन मोडला की काय होतं, ते साल्वादोर दालीनं दाखवलं. 1974 साली फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी एक ट्रक अडवला, त्यात दालीच्या सह्यांचे 40,000 कोरे कागद होते. आधी सही, चित्र मागाहून! तेव्हापासून त्याच्या उत्तरकाळातल्या छापचित्रांकडे गिऱ्हाईक संशयानंच बघतं.

भावाला मी हे सगळं सांगितलं. चित्र विकत घेतलं म्हणजे प्रती काढायचा हक्क मिळत नाही, तो चित्रकाराचा आणि त्याच्या पश्चात 60 वर्षं वारसांचा, हेही सांगितलं. तो म्हणाला, ‘कायदा राहू दे गं. मला अण्णांचं चित्र हवंय.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्या बहिणीनं मार्ग काढला : पुष्कळ घरांत गणपती एकेका वर्षी एकेका भावाकडे बसतो, तसं करू. यंदा पाळी भावाची. त्याला दोनच गोष्टी बजावल्या आहेत : उन्हाच्या भिंतीवर लावू नकोस, आणि काच ओल्या फडक्यानं पुसू नकोस.