वरणाचं पाणी आणि पायांतलं बळ

घरातलं म्हातारं माणूस खंगायला लागलं की मराठवाड्यात आमच्या सेलूकडे ठरलेलं वाक्य कानावर येतं: 'वय झालं, आता असंच चालायचं.' आजीच्या बांगड्या कोपराकडे सरकतात, मोंढ्यापर्यंत पायी जाणारे आजोबा ओसरीवरच बसून राहतात, आणि घरचे सगळं वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

हा पहिला गैरसमज. डॉक्टर ज्याला 'फ्रेल्टी' म्हणतात, ती दुर्बलता वाढत्या वयात जास्त दिसते हे खरं, पण ती प्रत्येक म्हाताऱ्याला येतेच असं नाही. 2001 साली अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या: काही न करता वर्षात साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सतत थकवा, मुठीतली ताकद जाणं, चाल मंदावणं आणि हिंडणं-फिरणं कमी होणं. पाचांपैकी तीन खुणा दिसल्या तर माणूस दुर्बल धरतात. एक-दोन असतील तर तो अजून उंबरठ्यावर असतो, आणि तिथून पुष्कळांना मागे आणता येतं.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो, कारण तो मायेपोटी होतो. 'म्हाताऱ्या माणसाला हलकंच द्यावं.' दात गेलेले, पचन मंद, म्हणून तुरीच्या वरणाचं वरचं पिवळं पाणी पळीने काढायचं आणि त्यात भाकरी कुस्करून द्यायची. डाळ तळाशी बसलेली असते. ती नातवाच्या ताटात जाते. सकाळ-संध्याकाळ चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. पोट भरतं, पण हिशेब करून बघा. एका भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ लागलं तर तिच्यातून सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. दिवसभरात दोन भाकरी, ते पिवळं पाणी, दोन कप चहातलं चमचा-दोन चमचे दूध, सगळं मिळून वीस ग्रॅमच्या आसपास.

लागतात किती? वृद्धांच्या आहारावर 2013 साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दिलेली शिफारस किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅमची आहे. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास ते साठ ग्रॅम. तरुणापेक्षा जास्तच, कारण म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांतून कमी फायदा होतो. 'वय झालं, आता खायचं किती' या समजुतीच्या हे बरोबर उलटं आहे.

भाकरीला मात्र दोष देऊ नका. ज्वारीत लायसिन हा घटक कमी असतो आणि तो डाळीत भरपूर असतो, त्यामुळे भाकरी आणि घट्ट वरण ही जुनी जोडी विज्ञानाच्या कसोटीलाही उतरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने 2018 साली 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाणही दिलं आहे. अडचण ज्वारीची नाही, तिच्यासोबत ताटात काय येतं याची आहे. दात नसतील तर पिठलं चालतं, मऊ खिचडी चालते, दुधातल्या कण्या चालतात, भाजीत शेंगदाण्याचं कूट घालता येतं. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मुलांच्या जाहिरातीतले महागडे डबे त्यासाठी लागत नाहीत.

उपवासाचं बोलायला हवं, जरा नाजूक विषय असला तरी. एकादशी, सोमवार, चतुर्थी असे उपवास जोडले की आठवड्यातले दोन-दोन दिवस साबुदाण्यावर जातात, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा उपवासाला चालतातच की!

'पण आमचे वडील तर चांगले जाड आहेत.' असू द्या. पोट सुटलेलं आणि मांड्या वाळलेल्या, असा दुर्बल माणूस काही दुर्मीळ नाही. चरबीमागे स्नायूंची घट लपते, म्हणून ती उशिरा लक्षात येते.

आणि शेवटची समजूत, खाल्लं की ताकद आपोआप येईल. 1994 साली बोस्टनमधल्या एका संशोधनात सरासरी 87 वर्षांच्या शंभर दुर्बल वृद्धांचे गट केले. पायांना वजनाचा व्यायाम देणाऱ्या गटांची ताकद दहा आठवड्यांत सरासरी दुपटीहून वाढली. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना काही फरक पडला नाही. थोडक्यात, 'बसून राहा, पडशील' हा सल्लाच पाय आणखी कमजोर करतो.

किडनीचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. वजन अचानक उतरत असेल तर नुसतं ताट बदलून थांबू नका. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, नैराश्य अशी कारणंही असतात. शाकाहारी असाल, त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल, तर बी-12 तपासून घ्या.

एक चाचणी घरीच करता येते. साध्या खुर्चीवर बसवून, हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला सांगा. शेजारी उभे मात्र राहा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले, तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच दिवसापासून पळी भांड्याच्या तळापर्यंत जाऊ द्या.